ब्रॉड स्ट्रीट, क्रमांक ४०: व्हिक्टोरियन लंडनमधल्या एका पॅरिशचे मृत्यू कसे वाचावेत

२ सप्टेंबर १८५४ रोजी लंडनच्या सोहो भागात ब्रॉड स्ट्रीटवरच्या ४० क्रमांकाच्या घरात पाच महिन्यांची एक मुलगी गेली. मृत्यूनोंदीत कारण लिहिलं गेलं ते असं: मृत्यूच्या चार दिवस आधी जुलाब सुरू झाले, त्यातून आलेली ग्लानी. त्याच आठवड्यात त्या रस्त्यावर घरटी माणसं मरत होती आणि त्यांच्या नावांपुढे ‘कॉलरा’ असा स्पष्ट शब्द पडत होता. या बाळाच्या नावापुढे तो नव्हता. ही नोंद बाजूला लिहून ठेवा. शेवटी तिच्याकडे परत यायचं आहे.

व्हिक्टोरियन काळातल्या शहरी पॅरिशमध्ये लोक कशाने मरत होते, हे स्वतः शोधून काढायचं असेल तर काय करावं, याबद्दल हा लेख आहे. इतिहासाचे किंवा सार्वजनिक आरोग्याचे विद्यार्थी, इंग्लंडमधल्या पूर्वजांचा माग काढणारे वाचक, किंवा निव्वळ कुतूहल असलेलं कुणीही हे काम बऱ्याच अंशी घरबसल्या करू शकतं. उदाहरण म्हणून मी वेस्टमिन्स्टरमधली सेंट जेम्स ही पॅरिश घेतली आहे, कारण तिथला १८५४ चा कॉलरा इतक्या बारकाईने तपासला गेला की काम कसं करावं आणि कुठे फसायला होतं, या दोन्ही गोष्टी त्यात दिसतात. माझं सांगणं एकच आहे. ‘मृत्यूचं कारण’ या रकान्यातला शब्द एकटा वाचू नका. वय, पत्ता, तारीख आणि आजूबाजूचे मृत्यू यांच्यासोबत ठेवला की तो बोलू लागतो.

आधी हद्द ठरवा

पॅरिश म्हणजे मुळात एका चर्चचा इलाखा. पण त्या काळात गरिबांची सोय, रस्ते, गटारं यांचा कारभारही पॅरिशची समिती म्हणजे वेस्ट्री बघत असे. त्यामुळे ‘पॅरिश’ या एका शब्दाखाली चर्चची हद्द आणि कारभाराची हद्द अशा दोन गोष्टी असतात. १ जुलै १८३७ पासून इंग्लंड आणि वेल्समध्ये जन्ममृत्यूची सरकारी नोंद सुरू झाली आणि तिसरी हद्द आली, नोंदणी जिल्ह्याची. या तिन्ही रेषा जुळतातच असं नाही.

सेंट जेम्सच्या बाबतीत पॅरिश हाच नोंदणी जिल्हा होता आणि त्याचे तीन उपजिल्हे होते: सेंट जेम्स स्क्वेअर, गोल्डन स्क्वेअर आणि बर्विक स्ट्रीट. पहिल्यात सरदारांचे वाडे आणि क्लब, तर बर्विक स्ट्रीटकडे एकेका खोलीत एकेक कुटुंब. पूर्ण पॅरिशची सरासरी काढलीत तर हे दोन्ही एकमेकांत मिसळून जातील आणि हाती येणारा आकडा दोघांपैकी कुणाचाच नसेल. म्हणून पहिल्या दिवसापासून उपजिल्हानिहाय काम करा. शेजारची सेंट ॲन्स, सोहो ही पॅरिश नोंदणीच्या दृष्टीने स्ट्रँड जिल्ह्यात होती, पण रोगाने ती रेघ पाळली नाही. कॉलरा दूषित पाण्यातून पसरतो असं म्हणणाऱ्या डॉक्टर जॉन स्नो यांनी सरकारी नोंदणी कार्यालयातून कॉलऱ्याच्या मृत्यूंची यादी मागितली तेव्हा गोल्डन स्क्वेअर, बर्विक स्ट्रीट आणि सेंट ॲन्स असे तीन उपजिल्हे मागितले. हद्द कागदावरून न ठरवता प्रश्नावरून ठरवायची, हे त्यांच्याकडून शिकण्यासारखं आहे.

नोंदी कुठल्या आणि कुठे मिळतात

सुरुवात दफनाच्या नोंदवहीपासून करा. १८१३ पासून चर्चच्या दफन नोंदवह्या छापील नमुन्यात आहेत: नाव, राहण्याचं ठिकाण, दफनाची तारीख, वय आणि विधी करणाऱ्या पाद्र्याची सही. यात कारणाचा रकाना नाही. एखाद्या पाद्र्याने समासात चार शब्द लिहिले असतील तर नशीब. शिवाय या वह्यांत कॅथलिक, ज्यू आणि इतर पंथांचे लोक क्वचितच सापडतात.

शहरी पॅरिशमध्ये नवशिक्याला हमखास चकवणारी गोष्ट अशी की १८५० च्या दशकात दफनांच्या नोंदी एकदम आटतात. पाहताना वाटतं, मरणच थांबलं! खरं कारण वेगळं आहे. १८५२ च्या कायद्याने लंडनमधली खच्चून भरलेली चर्चची आवारं दफनासाठी बंद करायला सुरुवात झाली आणि प्रेतं शहराबाहेरच्या मोठ्या दफनभूमींत जाऊ लागली. केन्सल ग्रीन १८३३ मध्येच सुरू झाली होती. १८५४ मध्ये सरे परगण्यात ब्रुकवुडची दफनभूमी उघडली आणि तिथे प्रेतं नेण्यासाठी वेगळी रेल्वेगाडी धावू लागली. तेव्हा १८५० नंतरचं काम करताना या दफनभूमींच्या वह्या शोधल्याशिवाय पुढे जाऊ नका.

दुसरा थर सरकारी मृत्यूनोंदीचा. मृत्यूच्या दाखल्यावर मृत्यूची तारीख आणि ठिकाण, नाव, लिंग, वय, व्यवसाय, कारण, खबर देणाऱ्याची सही आणि पत्ता, नोंदीची तारीख हे सगळं असतं. अडचण अशी की मूळ वह्या चाळता येत नाहीत. नावाच्या सूचीतून नोंद शोधायची आणि प्रत मागवायची. नोंदणी कार्यालयाची स्वतःची ऑनलाइन सूची वापरा, तिच्यात सुरुवातीपासूनच्या मृतांची वयं दिली आहेत. जुन्या छापील सूचीत वय १८६६ पासूनच येतं. ‘फ्रीबीएमडी’ हे स्वयंसेवकांनी चालवलेलं संकेतस्थळही उपयोगी आहे आणि मोफत आहे. सूची तिमाहीची असते. मार्च तिमाही म्हणजे जानेवारी ते मार्च, आणि ती नोंद कधी झाली त्यावर ठरते, मृत्यू कधी झाला त्यावर नाही.

प्रत्येक दाखल्याचे पैसे पडतात, म्हणून शेकडो दाखले मागवणं परवडत नाही. यावर तोडगा म्हणजे दफनवहीतून एखादं वर्ष किंवा दोन-तीन गल्ल्या निवडायच्या आणि तेवढेच दाखले काढायचे. बाकीचं चित्र तिसऱ्या थरातून भरून घ्यायचं.

तिसरा थर आरोग्य अधिकाऱ्यांच्या अहवालांचा, आणि माझ्या मते सगळ्यात श्रीमंत. लिव्हरपूलने १८४७ मध्ये देशातला पहिला आरोग्य अधिकारी नेमला, लंडनच्या जुन्या मध्यवर्ती ‘सिटी’ भागाने १८४८ मध्ये जॉन सायमन यांना नेमलं. १८५५ च्या कायद्याने लंडनच्या प्रत्येक वेस्ट्रीला आणि जिल्हा मंडळाला असा अधिकारी नेमणं भाग पडलं. सेंट जेम्समध्ये १८५६ मध्ये एडविन लँकेस्टर आले. अशा अहवालांत कारणवार मृत्यूंचे तक्ते असतात, घरांची पाहणी असते, आणि अधूनमधून अधिकाऱ्याचा संतापही. लंडनचे १८४८ पासूनचे हे अहवाल वेलकम ग्रंथालयाने स्कॅन करून मोफत खुले केले आहेत. याशिवाय वर्कहाऊसच्या, म्हणजे गरिबांच्या आश्रयगृहाच्या मृत्यूवह्या आणि अकस्मात मृत्यूच्या चौकशांचे कागद. ते स्थानिक अभिलेखागारांत बघावे लागतात.

तक्ता मांडताना

एका मृत्यूला एक ओळ. मृत्यूची, दफनाची आणि नोंदीची तारीख यांचे तीन वेगळे रकाने करा, साथीचा वेग मोजताना फक्त पहिलीच कामाची. वय वर्षांत ढकलू नका. पहिल्या वर्षातल्या बाळांचं वय दिवस, आठवडे, महिने जसं असेल तसं ठेवा. पत्त्यात घर क्रमांक हवाच.

कारणासाठी मात्र दोन रकाने ठेवा. पहिल्यात मूळ शब्द, अक्षरशः जसेच्या तसे, स्पेलिंगच्या चुकांसकट. दुसऱ्यात तुमचा आजचा अर्थ. हे दोन कधीही एकत्र करू नका. सहा महिन्यांनी मत बदलतं, आणि मूळ शब्द पुसून टाकलेला असेल तर परतीची वाट राहत नाही.

कारणाशेजारी ‘प्रमाणित’ किंवा ‘अप्रमाणित’ असा शेरा असेल तर तोही लिहा. १८४५ पासून डॉक्टरांना कारण लिहिण्याचे छापील नमुने दिले जाऊ लागले, पण उपचार करणाऱ्या डॉक्टरने प्रमाणपत्र देणं सक्तीचं झालं ते १८७४ च्या कायद्याने. त्याआधीची कित्येक कारणं शेजारीण, सुईण किंवा आईने तोंडी सांगितलेली आहेत. खबर देणाऱ्याच्या सहीच्या जागी फुली असेल तर त्या व्यक्तीला बहुधा लिहिता येत नव्हतं. आजाराचे दिवस लिहिले असतील तर ते सोन्याच्या मोलाचे समजा.

कारणाचा रकाना

इथे घाई केलीत तर पुढचं सगळं काम वाकडं जाईल.

सगळ्यात मोठा मारेकरी कॉलरा नव्हता, क्षय होता. १८४९ या भयंकर वर्षात कॉलऱ्याने इंग्लंड आणि वेल्समध्ये सुमारे ५३ हजार माणसं नेली. शतकाच्या मध्यावर फुफ्फुसाचा क्षय जवळजवळ तितकीच माणसं दर वर्षी नेत होता, गाजावाजा न करता. नोंदीत तो ‘थायसिस’, ‘कन्झम्प्शन’ किंवा ‘डिक्लाइन’ या नावांनी येतो. पंचवीस वर्षांच्या शिंप्यापुढे ‘डिक्लाइन’ असेल तर क्षय धरायला हरकत नाही. ऐंशीच्या म्हाताऱ्यापुढे तोच शब्द असेल तर म्हातारपण. ‘स्क्रॉफ्युला’ म्हणजे आपल्याकडची गंडमाळा. लहान मुलांपुढचं ‘टेबीज मेसेंटेरिका’ म्हणजे पोटाचा क्षय, पण हडकून गेलेल्या कुठल्याही मुलाला ते नाव मिळे. ‘ॲक्यूट हायड्रोसेफॅलस’ हा बऱ्याचदा मेंदूच्या आवरणाचा क्षय असे.

तापाच्या बाबतीत तारीख बघा. टायफस उवांमधून पसरतो, टायफॉईड म्हणजे विषमज्वर दूषित पाण्याअन्नातून. एक दाटीचा आणि दारिद्र्याचा रोग, दुसरा गटाराचा. सरकारी तक्त्यांत हे दोन्ही १८६९ पर्यंत एकत्रच मोजले जात. त्यामुळे १८५५ च्या तक्त्यातला ‘टायफस’चा आकडा दाखवून ‘इथे उवा फार होत्या’ असं म्हणता येत नाही. सुट्या नोंदींत ‘गॅस्ट्रिक फीव्हर’ किंवा ‘एंटेरिक’ दिसलं तर विषमज्वराकडे झुका. ‘जेल फीव्हर’, ‘प्युट्रिड फीव्हर’ दिसलं तर टायफसकडे. ‘लो फीव्हर’वरून काहीच ठरत नाही, तो तसाच ठेवा.

घटसर्पाचंही असंच आहे. शतकाच्या मध्यापर्यंत तो ‘स्कार्लेट फीव्हर’ किंवा ‘क्रूप’ या नावांखाली दडलेला असतो. पुढे घटसर्पाचे आकडे एकदम चढलेले दिसतात, त्यात काही वाटा रोगाचा आणि काही नाव बदलल्याचा.

आता बाळं. व्हिक्टोरियन काळात इंग्लंड आणि वेल्समध्ये दर हजार जिवंत जन्मांमागे सुमारे १५० मुलं पहिला वाढदिवस बघत नव्हती आणि शहरांच्या गरीब वस्त्यांत प्रमाण त्याहून वाईट होतं. १८९९ मध्ये तर देशाचा आकडा १६३ वर गेला. त्यांच्या नावांपुढे काय असतं? आकडी, दात येणे, अशक्तपणा, ‘मरॅस्मस’ म्हणजे झिजून जाणे. यातलं एकही खऱ्या अर्थाने कारण नाही, ही लक्षणं आहेत. दात येण्याच्या वयातच बाळाचं अंगावरचं दूध सुटायचं आणि बाटलीतलं नासकं दूध सुरू व्हायचं, म्हणून दोष दातांना गेला. अशा नोंदींचा महिना बघा. जुलै ते सप्टेंबर असेल तर मागे उन्हाळी जुलाब असण्याची शक्यता मोठी. कामावर जाणाऱ्या आया किंवा त्यांच्या दाया बाळांना झोपवायला ‘गॉडफ्रेज कॉर्डियल’सारखी अफूची औषधं पाजत, आणि त्या ग्लानीत उपाशी राहून गेलेली मुलंही ‘अशक्तपणा’तच नोंदली जात. मृत जन्मलेल्या मुलांची तर त्या काळी सरकारी नोंदच नव्हती. ती इंग्लंडमध्ये १९२७ पासून सुरू झाली.

बायकांच्या नोंदींसाठी एक पडताळा जरूर करा. वीस ते चाळीस वयाच्या बाईपुढे ‘पेरिटोनायटिस’ (पोटाच्या आतल्या आवरणाची सूज) किंवा नुसता ‘ताप’ असेल तर त्या आधीच्या सहा आठवड्यांत त्याच घरात जन्म किंवा बाप्तिस्मा झाला आहे का ते शोधा. सापडला तर बाळंतरोगाचा संशय धरा. बाळंतिणीचा मृत्यू लिहिणं डॉक्टरला आपल्या हातून झाल्यासारखं वाटे, म्हणून तो शब्द टाळला जाई. उपदंशाच्या बाबतीत टाळाटाळ आणखी मोठी. तान्ह्या बाळाचा ‘मरॅस्मस’ कधीकधी तोच असतो, पण कागदावरून सिद्ध होत नाही, म्हणून दुसऱ्या रकान्यात तो लिहू नका.

‘ड्रॉप्सी’ म्हणजे अंगावर सूज, मागे हृदय किंवा मूत्रपिंड. ‘ॲपोप्लेक्सी’ बहुधा पक्षाघात. ‘ईश्वराचा कोप’ या अर्थाचे शब्द दिसले तर चौकशीत घातपात आढळला नाही आणि कारणही कळलं नाही, एवढाच त्याचा अर्थ.

शेवटी ‘झायमॉटिक’. नोंदणी कार्यालयाचे सांख्यिकी तज्ज्ञ विल्यम फार यांनी साथीच्या रोगांच्या वर्गाला हे नाव दिलं. आंबवण्यासारखी काही क्रिया शरीरात होते, अशी कल्पना त्यामागे होती. रोग जंतूंमुळे होतात हे तेव्हा सिद्ध व्हायचं होतं; रॉबर्ट कॉक यांनी क्षयाचा जंतू दाखवला १८८२ मध्ये. त्याआधीच्या डॉक्टरांना अडाणी ठरवू नका. त्यांची वर्गवारी ही त्यांच्या काळची सिद्धान्ताची भाषा आहे, आणि तक्ता वाचायचा तर ती शिकावी लागते.

माणूस मेला कुठे, जगला कुठे

मृत्यूची नोंद जिथे प्राण गेला तिथे होते. सोहोतले कित्येक रोगी मिडलसेक्स हॉस्पिटलमध्ये नेले गेले, आणि ते हॉस्पिटल पॅरिशच्या हद्दीबाहेर. तिथे गेलेला सोहोचा माणूस सोहोच्या आकड्यात येत नाही. उलट, पॅरिशमध्ये वर्कहाऊस किंवा इस्पितळ असेल तर बाहेरचे मृत्यू तिच्या खात्यावर पडतात. म्हणून संस्थांमधले मृत्यू वेगळे काढा आणि नेहमीचा पत्ता मिळेल तिथे त्या घराकडे परत लावा.

पण घराचा पत्तासुद्धा पुरत नाही. ब्रॉड स्ट्रीटवर बंदुकीचा बार उडवणाऱ्या टोप्या बनवणारा एक कारखाना होता, सुमारे २०० कामगारांचा. तिथे ब्रॉड स्ट्रीटवरच्या सार्वजनिक पंपाच्या पाण्याचे दोन पिंप भरून ठेवलेले असत. १८ कामगार कॉलऱ्याने गेले, सगळे आपापल्या घरी. आणि सोहोपासून दूर हॅम्पस्टेडला राहणारी एक वृद्ध विधवा. पूर्वी ती ब्रॉड स्ट्रीटवर राहायची, तिथल्या पाण्याची चव तिला आवडायची, म्हणून रोज गाडीवानाबरोबर तिला बाटलीभर पाणी जाई. ३१ ऑगस्टला भरलेलं पाणी ती प्यायली आणि २ सप्टेंबरला गेली. तिची भाची भेटायला आली होती, तीही तेच पाणी प्यायली आणि इस्लिंग्टनला घरी परतल्यावर कॉलऱ्याने मेली. त्या दोन्ही भागांत तेव्हा कॉलरा नव्हता. नुसता पत्ता बघणाऱ्याला हे दोन मृत्यू कोडं वाटले असते. स्नो यांना त्यांच्यात रोग पंपाच्या पाण्यातून पसरल्याचा सगळ्यात भक्कम पुरावा दिसला.

म्हणून व्यवसायाचा रकाना भरताना कामाची जागा कुठे असेल, मूल शाळेत जायचं का, घर पूर्वी कुठे होतं, असे प्रश्न शेजारी लिहून ठेवा. जनगणनेची घरटी पानं यात मदत करतात. १८४१ पासून दर दहा वर्षांची ती उपलब्ध आहेत.

मोजताना

नुसते मृत्यू मोजून काही कळत नाही, किती माणसांपैकी ते हवं. सेंट जेम्सची लोकवस्ती १८५१ मध्ये सुमारे ३६ हजार होती. दोन जनगणनांच्या मधल्या वर्षांसाठी सरळ रेषेने अंदाज काढा, पण एखादी गल्ली पाडून नवा रस्ता झाला असेल तर तो अंदाज मोडतो. बालमृत्यूचा दर काढताना भाजक म्हणून नोंदलेले जन्म घ्या. बाप्तिस्मे घेतलेत तर शहरात दर फुगेल, कारण खूप मुलांचा बाप्तिस्मा होतच नसे.

सरासरी मृत्यूवयाचा मोह टाळा. स्वच्छता सुधारक एडविन चॅडविक यांच्या १८४२ च्या प्रसिद्ध अहवालात पूर्व लंडनच्या बेथनल ग्रीनमधल्या प्रतिष्ठितांचं सरासरी मृत्यूवय ४५ आणि मजुरांचं १६ असं दिलं आहे. अन्याय खरा होता, पण मोजमाप तकलादू. ज्या वस्तीत जन्म जास्त, तिथे मरणाऱ्यांत बाळंही जास्त, आणि सरासरी आपोआप खाली येते. १६ म्हणजे तिथला माणूस सोळाव्या वर्षी मरत होता, असं अजिबात नाही. वयोगटानुसार दर काढा: एक वर्षाखालचे, एक ते चार, पाच ते चौदा, मग पुढचे दहा-दहा वर्षांचे गट.

भाजक मिळत नसेल तर काय करावं, हेही स्नो यांच्याकडेच बघा. दक्षिण लंडनमध्ये दोन कंपन्यांचे नळ एकाच गल्लीत शेजारी शेजारी होते. लँबेथ कंपनीने १८५२ मध्ये पाणी घेण्याची जागा टेम्सच्या वरच्या अंगाला थेम्स डिटनला हलवली होती. साउथवर्क अँड वॉक्सहॉल कंपनी मात्र शहराच्या मैल्यातूनच पाणी उचलत होती. कुठल्या कंपनीचं पाणी किती माणसं पितात ते माहीत नव्हतं, घरं माहीत होती. म्हणून त्यांनी दर दहा हजार घरांमागे मृत्यू काढले. १८५४ च्या साथीच्या पहिल्या सात आठवड्यांत साउथवर्क अँड वॉक्सहॉलच्या ४०,०४६ घरांत १,२६३ मृत्यू, म्हणजे ३१५. लँबेथच्या २६,१०७ घरांत ९८, म्हणजे ३७. उरलेल्या लंडनच्या २,५६,४२३ घरांत १,४२२ मृत्यू, आणि छापील तक्त्यात दर आहे ५९. भागाकार करून बघा, ५५ येतो. निष्कर्षाला धक्का लागत नाही, पण जुना छापील दर स्वतः पुन्हा काढल्याशिवाय उतरवू नये, एवढं यावरून ठरवून टाका.

कारणांवर अजिबातच भरवसा नसेल तेव्हा एकूण मृत्यू घ्या आणि आधीच्या पाच वर्षांतल्या त्याच आठवड्याशी ताडून बघा. जादा मृत्यू कुठल्याही नावाखाली लपले तरी एकूण बेरजेत दिसतात. १८९६ च्या अखेरीस मुंबईत प्लेग आला तेव्हाही असंच झालं. प्लेग म्हणून नोंदलेल्या मृत्यूंपेक्षा एकूण मृत्यूंची वाढ कितीतरी मोठी होती, कारण सक्तीने इस्पितळात नेतील आणि घर उघडं पाडतील या धास्तीने लोक ‘ताप’ सांगत होते.

नकाशा, आणि जे मेले नाहीत ते

नकाशाचं काम आता सोपं झालं आहे. जुने सविस्तर सर्वेक्षण नकाशे स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर मोफत आहेत. घर क्रमांक मात्र जपून लावा, कारण व्हिक्टोरियन काळात रस्त्यांची नावं आणि क्रमांक दोन्ही बदलले. ब्रॉड स्ट्रीटचंच आज ब्रॉडविक स्ट्रीट झालं आहे. अंतर मोजताना सरळ रेषा न धरता चालण्याची वाट धरा. पाण्याची बादली उचलणारी बाई भिंतीतून जात नाही.

ठिपके लावून झाले की रिकाम्या जागांकडे बघा. मी हे काम करताना सर्वांत जास्त वेळ इथे घालवतो. पोलंड स्ट्रीटवरचं वर्कहाऊस चहूबाजूंनी कॉलऱ्याच्या घरांनी वेढलेलं होतं. आत ५३५ माणसं, पॅरिशमधली सगळ्यात गरीब आणि खंगलेली. घाणेरड्या हवेने रोग होतो हे त्या काळचं मत खरं असतं तर तिथे हाहाकार व्हायला हवा होता. मेले फक्त पाच. तिथे आवारातच विहीर होती आणि पंपावर कुणी जात नव्हतं. ब्रॉड स्ट्रीटवरच्या बिअरच्या कारखान्यात सत्तरहून जास्त कामगार होते, त्यांच्यातलं कुणीच कॉलऱ्याने गेलं नाही. त्यांना तिथलीच बिअर मिळायची, आणि कारखान्याची स्वतःची विहीर होती. मृत्यूच्या नोंदवहीत ही माणसं कुठेच नाहीत. ती शोधायला जनगणना, वर्कहाऊसची हजेरी आणि धंद्यांच्या यादीपुस्तिका उघडाव्या लागतात.

उलट दिशेनेही तपासा, म्हणजे तुमच्या समजुतीत न बसणारे मृत्यू घ्या. स्नो यांच्या पहिल्या यादीत ८३ मृत्यू होते. त्यातले १० दुसऱ्या पंपाच्या जवळचे. त्यांनी त्या घरी जाऊन विचारलं. पाच कुटुंबांनी सांगितलं की पाणी आम्ही मुद्दाम ब्रॉड स्ट्रीटहूनच आणवतो. आणखी तीन मुलं त्या पंपाजवळच्या शाळेत जाणारी निघाली. उरलेले दोन त्यांनी ओढूनताणून बसवले नाहीत. आपल्याला घरोघर जाऊन विचारता येत नाही, म्हणून न बसणाऱ्या नोंदींची एक वेगळी यादी करा आणि ती राहू द्या.

बाजूला ठेवलेल्या नोंदी पुन्हा उघडा

७ सप्टेंबरला स्नो पॅरिशच्या मंडळापुढे गेले आणि ८ तारखेला पंपाचा दांडा काढण्यात आला. तोपर्यंत साथ ओसरत आली होती, लोक घरं सोडून पळाले होते, हे स्वतः स्नो यांनी मान्य केलं आहे. एकूण सहाशेहून जास्त माणसं गेली. पण पंपाच्या पाण्यात रोग आला कुठून, हे त्यांनाही सांगता आलं नव्हतं.

ते सापडलं हेन्री व्हाइटहेड यांना. बर्विक स्ट्रीटवरच्या सेंट ल्यूक्स चर्चचे हे तरुण पाद्री. स्नो यांचं म्हणणं त्यांना पटलेलं नव्हतं, ते खोडून काढायलाच त्यांनी चौकशी सुरू केली होती. आजाऱ्यांच्या उशापाशी ते स्वतः बसलेले होते, लोक त्यांना ओळखत होते, आणि काही घरी ते चार-पाचदा जाऊन तेच प्रश्न पुन्हा विचारत. वेस्ट्रीच्या चौकशी समितीसाठी काम करताना १८५५ च्या वसंतात त्यांनी मृत्यूच्या नोंदी पुन्हा चाळल्या आणि त्यांची नजर त्या ओळीवर थांबली: ४० क्रमांक, २ सप्टेंबर, पाच महिन्यांची मुलगी, चार दिवस आधीपासून जुलाब.

कारणाच्या रकान्यात ‘कॉलरा’ नव्हता, म्हणून ती कॉलऱ्याच्या कुठल्याही यादीत आली नव्हती. पण तारखेवरून मागे मोजलं तर बाळाचा आजार मोठा उद्रेक सुरू होण्याच्या दोन-तीन दिवस आधीचा ठरत होता. आणि पंप होता तिच्याच दारासमोर. व्हाइटहेड बाळाच्या आईकडे गेले. तिने सांगितलं की दुपटी धुतलेलं पाणी घरापुढच्या मैलाखड्ड्यात ओतलं होतं. खणून पाहिलं तेव्हा त्या खड्ड्याच्या विटा ढासळलेल्या निघाल्या आणि विहीर तिथून तीन फुटांच्याही आत होती.

त्याच घराची आणखी एक नोंद पुढे सापडते. बाळाचे वडील ८ सप्टेंबरला आजारी पडले आणि काही दिवसांनी कॉलऱ्याने वारले. त्यांचाही मैला त्याच खड्ड्यात जाणार होता. ८ सप्टेंबर म्हणजे दांडा काढला तोच दिवस.